स्मरणपत्र चौथे

दोनापावलच्या हॉटेलात माझी ड्युटी झेंड्यांची.
सत्तावीस देश, वीतभर काठ्या,
एसीच्या वाऱ्याला एकही फडकत नाही.
"गांवस, पाट्या सरळ करा," साहेब म्हणतात.
मी फूटपट्टी लावून सरळ करते:
देश, हुद्दा, नाव, पाण्याची बाटली
आणि कानाला लावायचं ते यंत्र,
ज्यात काचेआडची दोन माणसं
जगातलं सगळं बोलणं इंग्रजीत ओततात.

मोठ्या पडद्यावर पृथ्वी फिरते.
देशादेशांतून निळ्या रेघा धावतात,
माहिती म्हणे क्षणात पोचते.
मी कोपऱ्यात उभी. उजवा बूट टाचेला चावतो.
माझी माहिती निघाली, त्याला
येत्या चवथीला दीड वर्ष होईल.

केरीच्या वाळूत मिळाला तो,
शिगम्याच्या दुसऱ्या दिवशी.
रापण ओढणाऱ्या आगुस्तीननं आधी टोपी काढली,
मग ठाण्याला फोन केला.
डाव्या खांद्यावर गोंदलेली पाकोळी,
वरच्या जबड्यात एक चांदीचा दात,
खिशात विरघळलेला कागद,
त्यावर एका देशाचा अर्धा शिक्का.
पंचनामा मी लिहिला, माझं अक्षर बरं म्हणून.

तेव्हापासून बांबोळीत, पेटी क्रमांक अकरा.
वकिलातीला पत्र. स्मरणपत्र एक. दोन. तीन.
जावक रजिस्टरात प्रत्येकाला तारीख आहे.
शवागारातला शांबा वीज गेली की फोन करतो,
"बाई, तुमचा पाहुणा कधी जाणार?"

आणि आज तो देश नऊ नंबरच्या टेबलावर बसलाय.
उंच, तांबूस, घामाघूम.
सहकार्यावर बावीस मिनिटं बोलला. टाळ्या पडल्या.
मग जेवताना सोलकढी दोनदा मागितली,
गुलाबी मिशी पुसत माझ्याकडे बघून हसला.
माणूस वाईट नसावा.

परवानगी मागायची तर अर्ज लिहावा लागला असता,
अर्ज वर गेला असता, वरून आणखी वर.
मागितली नाही.
भेटीच्या पिशव्या भरायचं कामही आमचंच:
काजूंचं पाकीट, निळी रंगवलेली फरशी, एक पेन.
नऊ नंबरच्या पिशवीत मी
चौथं स्मरणपत्र घातलं, पाकोळीच्या फोटोसकट.
सही केली. हुद्दा लिहिला. बकल नंबरही,
म्हणजे निलंबित करायला सोपं जावं.

दुसऱ्या दिवशी ठराव, आभार, सगळ्यांचा एकत्र फोटो.
गाड्या विमानतळाकडे गेल्या.
मी झेंडे गोळा करत होते,
रबर लावून दहादहाचे जुडगे.
नऊ नंबरच्या खुर्चीत पिशवी तशीच.
काजू नव्हते. फरशी होती.
माझं पत्र होतं, चार घड्या घातलेलं.
मनात म्हटलं, झालं.

घडी उलगडली तर मागे पेन्सिलीनं एक नंबर.
शेवटून तिसरा आकडा सात की एक,
त्यांच्याकडे कसा लिहितात कोण जाणे.

रात्री पेडण्याच्या ठाण्यात, माझ्याच रिचार्जवर,
आधी एक लावून पाहिला. फॅक्सची शीळ आली.
मग सात.
बराच वेळ वाजत राहिला.
लांबच्या कुठल्या स्वयंपाकघरात
कुणी ओले हात पुसले असावेत,
मला तसं ऐकू आलं.
आवाज म्हातारा. बाईचा की बाप्याचा, सांगता येत नाही.
मी इंग्रजीत नाव सांगितलं, ठाणं, जिल्हा.
त्या आवाजानं एकच शब्द विचारला,
"मातेय?"

कानाला यंत्र नव्हतं. काचेआड कुणी नव्हतं.
मी रजिस्टर ओढलं.
अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस,
हे खोडलं नाही,
शेजारी देवनागरीत लिहिलं, ऐकलं तसं,
प्रश्नचिन्हासकट.
पलीकडे अजून फोन ठेवला नव्हता.
माझा बॅलन्स किती उरलाय, ठाऊक नव्हतं.